खुर्द्याची मोजदाद

पानिपतच्या पराभवाची वार्ता नानासाहेब पेशव्यांस कशी कळली, ही गोष्ट मराठी घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. सावकारी पेढीच्या एका सांकेतिक पत्रांत दोन मोत्यें गळाल्याचा आणि सत्तावीस मोहरा हरवल्याचा मजकूर होता, व रुपये आणि खुर्दा किती गेला त्यास सुमार नाहीं अशी पुस्ती त्यास जोडलेली होती. मोत्यें म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. मोहरा म्हणजे नांवाजलेले सरदार. शाळेंत ही गोष्ट सांगतांना आमचे गुरुजी मोत्यांपाशीं गहिंवरत, मोहरांचीं नांवें आमच्याकडून पाठ करून घेत, आणि तेवढ्यांत घंटा वाजे. खुर्दा म्हणजे कोण, हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. विचारलें असतें तर ‘सामान्य शिपाई’ असें दोन शब्दांचें उत्तर मिळालें असतें आणि तेवढ्यानें आमचें समाधानही झालें असतें. १४ जानेवारी १७६१ रोजीं त्या मैदानावर जे पडले त्यांतील बहुतेक सारे हा खुर्दाच होते. ‘बुणगे’ म्हणून ज्यांची हेटाळणी पिढ्यान्‌पिढ्या होत आली ते बाजारकरी, यात्रेकरू, बायका आणि मुलें यांना तर त्या पत्रांत तांब्याच्या नाण्याची तरी योग्यता मिळाली कीं नाहीं, कोण जाणे.

युद्धाची ‘किंमत’ हा शब्द आपण वापरतों तो मूळचा बाजारांतला आहे. किंमत म्हटली कीं मोजणारा आला, माप आलें, आणि ज्याच्या पदरची रक्कम गेली तो आला. या तिघांपैकीं पहिल्या दोघांची व्यवस्था राज्यसंस्था फार चोख ठेवते. आमच्या बुलढाणा जिल्ह्याला लागून असलेल्या जालना जिल्ह्यांत असई हें खेडें आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं तेथें शिंदे-भोसल्यांच्या फौजेशीं वेलस्लीची गांठ पडली. इंग्रजांच्या बाजूचे ४२८ ठार, १,१३८ जखमी आणि १८ बेपत्ता अशी नोंद आहे. बेपत्ता झालेल्या अठरांचाही हिशेब ठेवणाऱ्या त्या दप्तराचें मला कौतुक वाटतें. मराठ्यांकडील मृतांचे मात्र अदमासच काय ते मिळतात. जिंकणाऱ्यापाशीं आंकडे आणि हरणाऱ्यापाशीं अदमास, असा हा प्रकार जुना आहे. महाभारतांतही स्त्रीपर्वाच्या अखेरीस धृतराष्ट्र मृतांची संख्या विचारतो आणि युधिष्ठिर एकशें सहासष्ट कोटी वीस हजार असें उत्तर देतो. शिवाय चोवीस हजार एकशें पांसष्ट वीर कोठें गेले तें दिसत नाहीं, अशी बेपत्त्यांची नोंदही देतो. इतक्या प्रचंड संख्येच्या शेपटीला तो पांसष्टाचा आंकडा लावणाऱ्या कवीला काय म्हणायचें होतें, याचा विचार मी पुष्कळ वेळां केला आहे. परंतु हें उत्तर येण्याच्या आधीं गांधारी रणभूमीवर दृष्टि टाकून एकेका प्रेताला नात्यानें ओळखीत गेलेली असते. हा कुणाचा पति, हा कुणाचा पुत्र, याच्या उशाशीं बसलेली ही कोण. संजयानें अठरा दिवस कुणी कुणाला मारलें तें सांगितलें. मेलेला कुणाचा कोण होता तें सांगावयास गांधारीच यावी लागली. आणि ही गांधारी युद्धाच्या वेळीं तेथें हजर नव्हती, इतकेंच नव्हे, तर तिच्या डोळ्यांवर पट्टी होती.

हा शेवटचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आपल्या कायद्याप्रमाणें तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा लागतो. पाहिलेल्या गोष्टीची साक्ष ज्यानें पाहिली त्यानेंच द्यावी. १८७२ च्या पुरावा कायद्याचा हा दंडक २०२४ च्या जुलैपासून त्याच्या जागीं आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमांतही कायम आहे, आणि न्यायालयापुरता तो योग्यच आहे. परंतु युद्धाच्या बाबतींत तो लावूं गेलें कीं विचित्र अडचण येते. ज्या आईचा मुलगा सीमेवर मारला गेला तिनें युद्धाचें कांहींही पाहिलेलें नसतें. तिनें पाहिलेला असतो तारवाला, किंवा दारांत थांबलेली सरकारी गाडी. न्यायाधीशानें तिला विचारलें, ‘बाई, तुला काय ठाऊक?’ तर तिला प्रामाणिकपणें ‘कांहीं नाहीं’ असेंच म्हणावें लागेल. मग जिच्या पदरची रक्कम गेली तिची साक्ष कोणत्या दप्तरांत घ्यावयाची?

दुसरी अडचण स्मृतीची. थुसिडिडीस या ग्रीक इतिहासकारानें चोवीसशें वर्षांपूर्वींच कुरकुर करून ठेवली आहे कीं, एकाच प्रसंगाचे प्रत्यक्षदर्शी साक्षीदार वेगवेगळें सांगतात. कुणी पक्षपातानें, कुणी विस्मरणानें. आपल्याकडचें उदाहरण घ्यावयाचें तर पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे. यज्ञांत दक्षिणा मिळेल या आशेनें हा भिक्षुक १८५७ सालीं उत्तरेस गेला आणि बंडाच्या वणव्यांत सांपडला. १८५८ च्या एप्रिलांत झांशी पडली तेव्हां तो शहरांतच होता. हकीकत लिहिली ती पंचवीस वर्षांनीं, भारताचार्य वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनीं ती १९०७ सालीं छापली, पण तींत पुष्कळ फेरफार केले. मूळ बाड दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ सालीं प्रसिद्ध केलें तेव्हां ते फेरफार उघड झाले. म्हणजे आधीं पंचवीस वर्षांचें विस्मरण आणि वर संपादकाचा हात. तरीही झांशीच्या लुटीचा जो क्रम भटजींनीं सांगितला आहे (आधीं सोनेंनाणें, मग तांब्यापितळेचीं भांडीं, मग कापड, मग धान्य) तो कोणत्या सेनापतीच्या अहवालांत सांपडेल? सेनापति तोफा मोजतो. भांडीं मोजावयास भांड्यांची किंमत ठाऊक असलेला दरिद्री ब्राह्मणच हवा. भटजींच्या तारखा चुकल्या असतील. घरांतून शेवटची परात केव्हां गेली हें त्यांचें चुकलें असेल असें मला वाटत नाहीं.

हें सर्व मी आज शहाणपणानें लिहितों आहें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं, महाविद्यालयांत शिकत असतांना, मला हें कांहींच ठाऊक नव्हतें. आणि जी चूक मीं त्या वेळीं केली ती लिहिल्यावांचून या प्रश्नावर बोलण्याचा मला अधिकार नाहीं.

माझें गांव चिखली तालुक्यांतलें उंद्री. आमच्या घराच्या मागच्या बाजूस एक वृद्ध बाई राहत. भाऊबंदकीचें नातें फार लांबचें, पण आम्ही सारीं मुलें त्यांना ‘मोठी माय’ म्हणत असूं. तिचा मोठा मुलगा सैन्यांत होता आणि तो १९७१ च्या डिसेंबरांत, त्या युद्धाच्या दुसऱ्या आठवड्यांत, पश्चिम सीमेवर मारला गेला. सुटींत गांवीं आलों असतांना, गांवोगांवच्या अशा हकीकती तोंडी ऐकून टिपून ठेवाव्या असें माझ्या मनानें घेतलें. मित्राचें ध्वनिमुद्रणाचें यंत्र उसनें आणलें, दोन फिती विकत घेतल्या, प्रश्न आधींच वहींत लिहून काढले आणि एका सकाळीं मोठ्या मायच्या चुलीपाशीं जाऊन बसलों. घरांत टांगलेल्या चौकटींतलें सैन्याचें पत्र मीं आधींच वाचून घेतलें होतें. तारीख, स्थळ, सारें मला पाठ होतें.

मीं विचारलें, त्या दिवसाची हकीकत सांगा. मोठी माय म्हणाली, “काय सांगू बाबू. माहं लेकरू पोळ्याले गेलं.”

पोळा श्रावणी अमावास्येचा. त्या वर्षींचा पोळा ऑगस्टांत झाला. युद्ध सुरू झालें ३ डिसेंबरला आणि संपलें १६ डिसेंबरला. मला वाटलें, म्हातारीच्या डोक्यांत गोंधळ झाला. मीं वहींत प्रश्नचिन्ह केलें. ती पुढें बैलाविषयीं बोलूं लागली. त्या वर्षीं मुलानें स्वतः बैलाचीं शिंगें रंगवलीं होतीं, हिंगुळ कुठून आणला, बेगड कशी चिकटवली, झूल कुणाकडून मागून आणली. आणि पुढें तो बैल कर्जापायीं विकावा लागला, तो कुणाच्या गोठ्यांत गेला. मीं फितीची काटकसर म्हणून यंत्र बंद केलें. विषय निघाला कीं चालू करीन, असा हिशेब होता. बैल संपल्यावर मीं पुन्हां यंत्र चालू केलें आणि, मला आज लिहितांनाही लाज वाटते, म्हणालों, “पण मोठी माय, तो डिसेंबरांत गेला. पत्रांत लिहिलें आहे. पोळा तर त्याच्या किती आधीं होता.”

ती थोडा वेळ तव्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “तुह्या कागदात तसं असंन, बाबू.” त्यानंतर मीं जें जें विचारलें त्याला तिनें ‘हो’ किंवा ‘नाहीं’ एवढेंच उत्तर दिलें. माझ्या सर्व तारखा तिनें मान्य केल्या.

पुष्कळ वर्षांनीं एका पोळ्याला मी घरीं होतों. आई बैलाला पुरणपोळी चारून आली आणि सहज म्हणाली, “याच दिवशीं गेला नाहीं का रे तो. रजा संपली होती. तोरणाखालून बैल सुटले आणि तो पिशवी घेऊन मोटारीवर गेला. परत कुठें आला?” तेव्हां माझ्या लक्षांत आलें. आपल्या भाषेंत ‘गेला’ या शब्दाला दोन अर्थ आहेत, आणि मोठी माय त्यांतला पहिला सांगत होती. किंवा, मला आतां असें वाटतें, ती दोन्ही एकदमच सांगत होती. तिचा मुलगा तिच्या घरांतून ज्या दिवशीं गेला तो दिवस पोळ्याचा होता. डिसेंबरांतला दिवस सैन्याचा होता. त्या दिवशीं तो सैन्याच्या हजेरीपटावरून गेला. मी तिची चूक दुरुस्त करीत नव्हतों. तिच्या हातचें माप काढून घेऊन सरकारी माप ठेवीत होतों, आणि मग तिनें मोजणेंच सोडून दिलें.

पुलवाम्याच्या हल्ल्यांत १४ फेब्रुवारी २०१९ रोजीं चाळीस जवान मारले गेले. त्यांतील दोघे आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे होते. त्या आठवड्यांत दूरचित्रवाणीवर जे प्रश्न विचारले जात होते ते ऐकून पुष्कळांना संताप आला. नुकत्याच विधवा झालेल्या मुलीच्या तोंडासमोर ध्वनिग्राहक धरून ‘आपल्याला काय वाटतें’ असें विचारणारा वार्ताहर निर्दय आहे, असें मीही म्हणालों. पण म्हणतांना मला माझी वही आठवली. त्याला अश्रु हवे होते, मला तारीख हवी होती. दोघांनाही काय हवें आहे हें आधींच ठरलेलें होतें. एवढेंच कीं माझ्या निर्दयपणाला अभ्यासाचें नांव होतें.

मग विचारूंच नये काय? असाही एक पक्ष आहे, आणि तो सभ्य माणसांचा आहे. दुःख झांकलेलें बरें, खपली काढूं नये, असें ते म्हणतात. मला तो पटत नाहीं. न विचारल्यानें दुःख झांकलें जात नाहीं. तें एकट्याच्या अंगावर पडतें, एवढेंच. शिवाय न विचारण्याचा लाभ ज्यांना होतो ते दुःखी लोक नव्हेत. दख्खनच्या आणि कोंकणच्या कित्येक खेड्यांत पहिल्या महायुद्धानंतर सरकारनें बसवलेल्या दगडी पाट्या आहेत: या गांवांतून इतकीं माणसें महायुद्धास गेलीं, त्यांतील इतक्यांनीं प्राण दिले. आंकडा आहे, नांव नाहीं. गांवांत त्या वेळीं कुणी जाऊन विचारलें असतें तर नांवें मिळालीं असतीं, आणि नांवांबरोबर कुणाची जमीन गहाण पडली, कुणाच्या बायकोनें काय केलें, हेंही मिळालें असतें. आतां विचारावयास कुणी उरलें नाहीं. दगडावर खुर्दा तेवढा मोजलेला आहे.

उलट, भलत्याच हेतूनें विचारलें तरी कधीं कधीं साक्ष हातीं लागते, याचेंही उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धांत जर्मनांनीं पकडलेल्या हिंदी शिपायांपैकीं कित्येकांना बर्लिनच्या दक्षिणेस व्युन्सडॉर्फ येथील छावणींत ठेवलें होतें. तेथें भाषांचे आवाज गोळा करण्यासाठीं विल्हेल्म डोगेन आणि त्यांचे सहकारी मुद्रणयंत्र घेऊन गेले. त्यांना शिपायांच्या सुखदुःखाशीं कर्तव्य नव्हतें. उच्चार हवे होते. ११ डिसेंबर १९१६ रोजीं मल सिंग नांवाचा पंजाबी शिपाई त्या कर्ण्यासमोर उभा राहिला आणि स्वतःविषयीं ‘एक माणूस होता’ अशा रीतीनें बोलला. तो माणूस हिंदुस्थानांत लोणी खात होता, मग या युद्धांत आला, पकडला गेला, आणि त्याला घरीं जावयाचें आहे, असा त्याचा आशय. दीड मिनिटही भरत नाहीं एवढें तें बोलणें बर्लिनच्या विद्यापीठांत आजही जपलेलें आहे. त्या पंडितांनीं त्याला मध्यें थांबवलें नाहीं, कारण तो काय बोलतो याची त्यांना पर्वा नव्हती. मला पर्वा होती, म्हणून मीं थांबवलें. ही गोष्ट मला अजूनही नीटशी पचत नाहीं.

अर्थात् पर्वा असणाराही संकटांत पडतो. बेलारूसच्या लेखिका स्वेत्लाना अलेक्सियेविच यांनीं दुसऱ्या महायुद्धांत लढलेल्या शेंकडों स्त्रियांचीं तोंडची हकीकत ऐकून जो ग्रंथ केला तो १९८५ सालीं प्रसिद्ध झाला; २०१५ चें नोबेल पारितोषिक त्यांना मिळालें तें अशाच ग्रंथांबद्दल. परंतु अफगाणिस्तानांत मेलेल्या सोव्हिएट सैनिकांविषयींचें त्यांचें पुस्तक निघाल्यावर, ज्यांनीं त्यांना हकीकती सांगितल्या होत्या त्यांच्यापैकींच कांहीं जण, आणि त्यांत माताही होत्या, मिन्स्कच्या न्यायालयांत गेले. आमचें बोलणें बदललें, आमच्या मुलांना वीरांचे खुनी केलें, अशी त्यांची तक्रार होती. १९९२-९३ मध्यें हा खटला चालला. बाईंची बाजू घेणाऱ्यांनीं त्या वेळीं असें म्हटलें कीं या मातांना कुणीतरी फूस लावली. तसें असेलही. पण फूस लावली नसती तरी त्या मातेचें म्हणणें मला निरर्थक वाटत नाहीं. मुलगा गेला; तो कशासाठीं गेला याचें एक उत्तर तिनें मोठ्या कष्टानें उभें केलें होतें; आणि तिच्याच शब्दांनीं दुसऱ्या कुणी तें पाडलें. साक्ष दिली म्हणजे ती विकली असें होत नाहीं. ऐकणाऱ्यापाशीं ती ठेवीसारखी असते, आणि ठेव मोडून अधिक चांगला दागिना घडवला ही सबब ठेव ठेवणाऱ्याला पटेलच असें नाहीं.

येथें एक आक्षेप घेतला जाईल, व तो वाजवी आहे. अशा हकीकती ऐकत बसलें तर कोणतेंच युद्ध करतां येणार नाहीं, आणि कांहीं युद्धें तर करावींच लागतात. १९७१ चेंच पाहा. सुमारें एक कोट निर्वासित सीमा ओलांडून आलेले, पलीकडे कत्तल चाललेली. त्या वेळीं हात बांधून बसणें हा धर्म झाला असता काय? मला तसें वाटत नाहीं. तें युद्ध योग्य होतें असें मी तेव्हांही मानीत होतों आणि आजही मानतों. परंतु युद्ध योग्य होतें हें मोठ्या मायच्या घरीं जाऊन सांगण्याचें मला कधीं धैर्य झालें नाहीं, आणि तिनेंही तें अयोग्य होतें असें कधीं म्हटलें नाहीं. तिचें बोलणें त्या वादांतलें नव्हतेंच. सौदा योग्य कीं अयोग्य, हा एक प्रश्न आहे; पैसे कुणाच्या गांठीचे गेले, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर बरोबर आलें म्हणून दुसरा विचारण्याचें कारण उरत नाहीं, असें आपण धरून चालतों. त्या युद्धांत आपले साडेतीन हजारांहून अधिक जवान कामास आले. विजयदिन आपण दर वर्षीं पाळतों आणि पाळावा. पण त्या दिवसाला पोळ्याचें नांव असलेलीं घरें किती आहेत, हें कुणी मोजलेलें नाहीं.

विजयाच्या नांवांविषयीं एक लहानशी गोष्ट येथें सांगावीशी वाटते. आमच्याच जिल्ह्यांत साखरखेर्डा म्हणून गांव आहे. ११ ऑक्टोबर १७२४ रोजीं निजामुल्मुल्कानें तेथें मुबारिझखानाला ठार मारून दख्खन आपल्या हातीं घेतली, आणि विजयाची खूण म्हणून गांवाचें नांव फत्तेखेर्डा ठेवलें. जुन्या सरकारी कागदांत तें नांव आढळतें. लोक मात्र त्या वेळींही साखरखेर्डा म्हणत असावेत, कारण आजही तेंच म्हणतात. कुणीं विरोध केला नाहीं, अर्ज दिला नाहीं. कागदांत तसें असेल, एवढेंच.

मोठी माय आतां नाहीं. आईच्या बोलण्यावरून मला उलगडा झाला त्याच्या दोन वर्षें आधींच ती गेली. बैलाचें सारें बोलणें मीं मुद्रित केलें नाहीं, त्यामुळें वर जें लिहिलें तें माझ्या आठवणीवर विसंबून. म्हणजे ज्या साक्षीवर मीं तेव्हां अविश्वास दाखवला तसलीच ही साक्ष आहे, आणि तीही परक्याची. त्यांतलें एक वाक्य मात्र मला खात्रीनें आठवतें, कारण यंत्राची कळ दाबतांना तें कानांवर पडलें होतें. तार आली तेव्हांही बैलाच्या शिंगांचा रंग गेलेला नव्हता, असें ती म्हणत होती. पुढें शिमग्यापर्यंत तो तसाच होता.

फीत माझ्याजवळ आहे. मध्यंतरीं मुलानें ती नव्या यंत्रांत भरून दिली, तेव्हां पुष्कळ वर्षांनीं ऐकली. बहुतेक आवाज माझाच आहे. तारीख, पलटणीचें नांव, पत्र कोणत्या महिन्यांत आलें, पेन्शन केव्हां सुरू झालें. तिचे ‘हो’ आणि ‘नाहीं’ फार हळू ऐकूं येतात. त्यांच्यापेक्षां चुलींतल्या काटक्यांचा आवाज मोठा आहे. शेवटच्या प्रश्नानंतर थोडा वेळ कांहींच नाहीं. मग ती विचारते, “च्या घेतं का, बाबू?” मी ‘नको’ म्हणतों, आणि कळ दाबल्याचा आवाज येतो.